पाठवणाऱ्याचं नाव

परवा दुपारी ऑफिसातल्या कम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला. ‘अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.’ कशासाठी, ते कुठेच लिहिलं नव्हतं. मी तो बंद केला. लगेच दुसरा आला, तोही बंद केला. दिवसातून हे किती वेळा करतो याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. आताशा रागही येत नाही, नुसता शीण येतो. फणसेकाका असते तर मात्र त्यांनी माझा हात धरला असता. “अरे थांब, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचू दे आधी,” असं म्हणून चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं असतं.

फणसेकाकांना जाऊन आता दीड वर्ष होईल. भिवंडीजवळच्या वळ गावी ज्या गोदामात मी माल रवाना करण्याचं काम बघतो, तिथे ते आवक विभागाचे मुख्य कारकून होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक लाकडी खुर्ची आणि कंबरेइतकी उंच रजिस्टरांची चळत. भिवंडीच्या जुन्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं घराणं. वडील मास्तर, आजोबा कोर्टात कारकून. काकांनी स्वतः तीस वर्षं एका लूमच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळलं. तो कारखाना बंद पडल्यावर घरी बसवेना म्हणून ते आमच्याकडे आले. सकाळी आम्ही एकाच शेअर रिक्षात बसायचो. ट्रेलरांच्या रांगेत रिक्षा अडकली, धुळीने आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या, तरी हा माणूस समोरच्या ट्रेलरच्या मागे काय लिहिलंय ते वाचत बसायचा. मालकाचं नाव, गाव, फोन. नाव नसलं तर अस्वस्थ व्हायचा. “बघ, चाळीस टन माल घेऊन निघालाय आणि कुणाचा कोण, पत्ता नाही,” म्हणायचा.

पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. खिशात दोन पेनं. निळं नोंदीसाठी आणि लाल शंकेसाठी. ज्या मालावर पाठवणाऱ्याचं नाव धड नसेल, त्याच्यापुढे लाल पेनाने ‘कोण?’ एवढंच लिहायचे. त्या एका शब्दाने सगळे ड्रायव्हर हैराण होते. लाल ‘कोण?’ पडला की गाडी खाली होणार नाही, हे ठरलेलं. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, फोन लावायचे, शेवटी कुठूनतरी नाव यायचं. मग काका निळं पेन काढायचे.

एका दिवाळीला आमच्या म्हात्रेशेठच्या टेबलावर मिठाईचा मोठा डबा आला. गोदामाची जमीन शेठच्या वाडवडिलांची. पूर्वी तिथे भात पिकायचा, आता पत्र्याच्या सहा शेड आहेत. डब्यावर नाव नव्हतं. शेठ दोरी सोडायला लागले, तर काकांनी डब्यावर हात ठेवला.

“शेठ, कुणाकडून आलाय?”

“आला आसंल कुनाचा तरी. दिवाली हाय काका, खावा.”

“एकदा नाव कळू दे. मग खाऊ.”

शेठ हसले आणि डबा तसाच ठेवून गेले. काका चार दिवस गोदामात माल ठेवणाऱ्या पार्टी-पार्टीला फोन करून विचारत होते. पाचव्या दिवशी डब्याला वास सुटला. हमालांनी तो नाल्यात टाकला. हाताशी आलेली काजूकतली नाल्यात गेली म्हणून ते पुढे कितीतरी दिवस काकांकडे बघून उसासे टाकायचे. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

दुसरी त्यांची खोड म्हणजे पोच. आलेल्या कागदाला पोच दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लूमच्या ऑफिसातल्या जुन्या साहेबांनी त्यांना शिकवलं होतं, की कागद आला आणि आपण गप्प राहिलो तर तो पाठवणाऱ्याचा अपमान असतो. कुणी मोबाइलवर सकाळी सकाळी गुलाबाचं फूल पाठवलं, की काका अर्ध्या तासात उत्तर लिहायचे, ‘मिळाले. आभारी आहे.’ बँकेकडून आपोआप येणाऱ्या संदेशालाही ते हेच उत्तर पाठवायचे. मी सांगायचो, “काका, तिकडे माणूस नसतो.” ते म्हणायचे, “नसू दे. आपण तर आहोत ना?”

काकांच्या टेबलावर कम्प्युटर नव्हता. ऑफिसात कामाचा एकच होता आणि तो जागृतीकडे असायचा. जागृती जवळच्या अंजूर गावची. बाप अंजूर-भिवंडी रस्त्यावर रिक्षा चालवतो. घरात ऑफिसच्या खुर्चीवर बसलेली ती पहिलीच. बारावीनंतर कम्प्युटरचा कोर्स केलेला, बोटं अशी चालायची की बघत राहावं. गोदामात हमाल, ड्रायव्हर, सगळी पुरुषांची वर्दळ, म्हणून बाप तिला पाठवायला तयार नव्हता. शेठ नात्यातले लागत होते आणि फणसेकाकांसारखा वयस्क माणूस शेजारच्या टेबलावर होता, एवढ्यावर त्याने होकार दिला होता. ती साडेनऊला यायची, काका साडेआठला. मधल्या तासात काका तिचा कम्प्युटर लावून मालासोबत जाणाऱ्या बिल्ट्यांवरचे पिनकोड तपासायचे. पिनकोड चुकला की माल भलत्याच तालुक्यात जातो, हा त्यांचा धसका. जागृतीनेच त्यांना पिनकोड शोधायला शिकवलं होतं. काका वहीत पायऱ्या लिहून घ्यायचे. पहिली पायरी ‘माउस हातात घेणे’ अशी होती आणि त्यावरून ती त्यांना रोज चिडवायची.

“काका, आज पहिली पायरी झाली का?”

“झाली गं बाई. दुसरीवर घसरलो.”

हे सगळं बरं चाललं होतं.

मग तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ते चौकोन यायला लागले. आधी पत्त्यांचे खेळ, मग ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस’, मग वजन कमी करण्याच्या गोळ्या. आम्ही सगळे हसायचो, बंद करायचो. काका मात्र पहिल्या दिवसापासून विचारत होते, “पण हे पाठवतंय कोण?” त्यांना जाहिरातीचं वाईट वाटत नव्हतं. वर्तमानपत्रातली जाहिरात ते आवडीने वाचत. नाव न सांगता कोपऱ्यात येऊन उभं राहणं त्यांना सहन होत नव्हतं.

एक दिवस एका बड्या पार्टीची दोन माणसं साठा बघायला आली. शेठनी जागृतीचा कम्प्युटर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडून घेतला होता. जागृती एकेक यादी दाखवत होती. शेठ, मी, काका आणि ती दोन माणसं, सगळे टीव्हीकडे बघत होतो. कोपऱ्यात चौकोन आला. अंगावर नावापुरते कपडे असलेली एक बाई, आणि खाली, ‘तुमच्या जवळच. आत्ता एकटी आहे.’ जागृतीने घाईने बंद केला तर दुसरा आला. मग तिसरा. पाहुण्यांपैकी एक जण खोकला, दुसऱ्याने मोबाइल काढला. शेठचे कान लालबुंद झाले होते. जागृती टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर शेठ तिच्यावर ओरडले.

“यो काय प्रकार हाय? ऑफिसच्या कम्प्युटरवर काय बघतेस तू?”

“शेठ, मी न्हाय काय बघितला. चुकून काय दाबला गेला आसंल तर म्हायती न्हाय.”

“चुकून? म्या मोबाइलवर गारीचे टायर बघितले त दिवसभर मना टायरच दिसतात. आपुन जे बघतो तेच त्यो दाखवतो. सगल्यांना म्हायती हाय.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला तसं वाटत होतं असंही नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. महिनाअखेर होती, बाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या आणि हे प्रकरण लवकर संपावं एवढंच डोक्यात होतं. आज लिहिताना त्या मान हलवण्याची लाज वाटते.

फणसेकाकांनी मान हलवली नाही. “शेठ,” ते म्हणाले, “आपल्याकडे चोरीचा माल सापडला तर आपण आधी काय बघतो? बिल्टी बघतो. पाठवणारा कोण, ते बघतो. ज्याच्या शेडमध्ये पडलाय त्याला चोर म्हणत नाही. मला आठ दिवस द्या, मी शोधून काढतो.”

शेठ काकांना मान द्यायचे. “घ्या आठ दिवस. पन परत आसा काय झाला त पोरगी घरी बसंल.”

 संध्याकाळी निघताना जागृती काकांच्या टेबलाशी थांबली. “काका, बाबांना समजला त ते मना परत पाठवायचे न्हाईत. कुठंच न्हाईत. तुमी खरंच शोधाल ना?” काका म्हणाले, “शोधतो म्हणालो ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं रजिस्टर घातलं. मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरात ‘जाहिरात आवक’. रकाने आखले. वेळ, मजकूर, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं नाव, खुर्चीवर कोण होतं, पाठवणारा. चौकोन आला की जागृतीने हाक मारायची, काकांनी येऊन उतरवून घ्यायचं. चौथ्या रकान्यात ते कुणालाही सोडत नव्हते; चौकोन आला नाही तरी खुर्चीवर कोण आणि कशासाठी बसलं, तेही लिहायचे. शेठ बसले तर शेठ, मी बसलो तर मी. सकाळच्या रिकाम्या तासात ‘अ. फणसे’ असंही लिहिलेलं असायचं. शेवटचा रकाना लाल ‘कोण?’ने भरत चालला होता. ती बारीक नावं म्हणजे नुसती अक्षरांची जुळवाजुळव, आमच्या कुणाच्या ओळखीचं त्यात काही नव्हतं. एका नावाच्या मागे जाऊन जागृतीने ‘आमच्याशी संपर्क साधा’ असं पान शोधून दिलं. काकांनी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मायना, विषय, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. आपण कोण, आपला पत्ता काय आणि आपण आमच्या ऑफिसात रोज येता ते कुणाच्या सांगण्यावरून, हे कृपया कळवावे. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. त्यात टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात होती. काकांनी डोक्यावरून हात फिरवला आणि नोंद केली.

मग कम्प्युटरवाला सलीम आला. भिवंडीत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्याकडे अधूनमधून यायचा. काकांनी त्याच्यापुढे रजिस्टर ठेवलं. तो पान उलटत हसला, पण चांगलं हसला.

“चाचा, एक आदमी नहीं है इसके पीछे. माल किसी का, बेचनेवाला कोई, बीच में दस दलाल. जिसकी जाहिरात है, उसको खुद नहीं मालूम कहाँ दिख रही है.”

“दलाल तर आमच्या धंद्यातही असतात,” काका म्हणाले. “पण गेटवर गाडी आणतो त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं ना, की इथे आण? तो कोण?”

सलीमने खांदे उडवले आणि कम्प्युटर फॉरमॅट करून दिला. सगळं पुसलं, नव्याने घातलं. तो आमचा पाचवा दिवस होता. पुढचे दोन दिवस काका रजेवर होते. काकूंचा गुडघ्याचा नवस होता म्हणून त्यांना वज्रेश्वरीला न्यायचं आधीच ठरलेलं. देवीचं दर्शन, गरम कुंडात पाय सोडून बसणं आणि मुक्काम. ते दोन दिवस एकही चौकोन आला नाही. शेठ मला म्हणाले, “बघ. वरडलो त गप झाली.” जागृतीने ऐकलं आणि खाली मान घालून टाइप करत राहिली.

आठव्या दिवशी काका आले. नेहमीप्रमाणे साडेआठला. दहाच्या सुमाराला तीच बाई कोपऱ्यात पुन्हा आली, आणि नेमके शेठ तिथे उभे होते.

त्यांनी यावेळी आवाज चढवला नाही. “पोरी, बॅग उचल,” एवढंच म्हणाले. काका मध्ये पडले, अजून एक दिवस द्या म्हणाले, पण शेठ आत निघून गेले. ऑफिसातली गोष्ट आवारात जायला कितीसा वेळ लागतो? जागृती गेटपाशी बापाची वाट बघत उभी होती, तेव्हा एका ड्रायव्हरने तिला विचारलं, “क्या मॅडम, अकेली हो क्या?” त्याचे सोबती हसले. तेवढ्यात बापाची रिक्षा येऊन थांबली होती. त्याने ते ऐकलं. तो उतरला नाही, भांडला नाही, तिला मागे बसवून निघून गेला. मी हे माल चढवायच्या डॉकवरून पाहिलं. माझ्या हातात गाडीची यादी होती.

ती गेल्यावरही चौकोन येतच होते. तिच्या जागी शेठचा भाचा बसायला लागला. तो ते बंद करायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. त्यावरून कुणी त्याला काही विचारलं नाही. काका मात्र दोन दिवस रजिस्टर पुढ्यात घेऊन बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डॉककडे निघालो तर ते मला म्हणाले, “सुधीर, सलीमला बोलाव. आणि जरा इथे बस.”

त्यांनी मला चौथा रकाना दाखवला. फॉरमॅटनंतरचे दोन कोरे दिवस. ते दोन्ही दिवस काका वज्रेश्वरीला. मग आठवा दिवस. त्याची पहिली नोंद त्यांच्याच अक्षरात, ‘८.४०, अ. फणसे, पिनकोड’. आणि दहापासून पुन्हा तेच सगळं.

सलीम आल्यावर काका म्हणाले, “मी रोज सकाळी करतो तसं करून दाखवतो. तू फक्त बघ.” त्यांनी पिनकोडचं पान उघडलं. पानाच्या वर एक छोटी चौकट आली. हे संकेतस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छितं, आणि खाली दोन बटणं, ‘अलाऊ’ आणि ‘ब्लॉक’. काकांनी जराही न थांबता ‘अलाऊ’ दाबलं. त्यातून दुसरं पान उघडलं, त्यानेही तेच विचारलं, त्यालाही त्यांनी हो म्हटलं. चार ठिकाणी हो म्हणून झाल्यावर त्यांनी ती सगळी पानं शिस्तीत बंद केली.

सलीमने कपाळाला हात लावला. “चाचा, ये आप दबाते हो? रोज?”

“विचारतात ना ते,” काका म्हणाले. “परवानगी मागून येतोय, म्हणजे सभ्य माणूस. त्याला उत्तर नको द्यायला?”

“चाचा, यही तो हैं. बाकी कोई नहीं है. आप ही ने बुलाया है सबको.” सलीमने सेटिंगमध्ये जाऊन यादी उघडली. परवानगी दिलेल्यांची नावं एकाखाली एक होती. रजिस्टरातली बारीक अक्षरातली नावं आणि ही नावं तीच. इतके दिवस काका न विचारता घुसणाऱ्याला शोधत होते. विचारून येणाऱ्यावर त्यांनी संशयच घेतला नव्हता. फॉरमॅट केला तरी ते नव्याने आले, कारण काकांनी त्यांना नव्याने हो म्हटलं.

 काकांनी निळं पेन काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या रकान्यात, प्रत्येक लाल ‘कोण?’च्या पुढे, स्वतःचं नाव लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, “काका, कशाला?” त्यांनी ऐकलं नाही. अक्षर जराही बिघडलं नव्हतं. मला तिथे बसवेना. मी चहा सांगायच्या निमित्ताने उठलो.

ते रजिस्टर घेऊन ते शेठकडे गेले. मी दाराशी होतो. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

“आरं देवा! काका, तुमी? या वयात त्या बायांना बोलावता?” डोळे पुसून ते पुढे म्हणाले, “जाऊ द्या. चुकून झाला. तुमाना काय ठावं त्यातला?”

“तीही चुकूनच म्हणत होती,” काका म्हणाले.

शेठचं हसू जरा ओसरलं. “आता ती घरी बसली. इषय संपला. उगाच कशाला उकरून काढताव?”

“तिला परत बोलवा. आणि ज्यांच्यासमोर तुम्ही तिला बोललात, त्यांच्यासमोर सांगा की तिचं काही नव्हतं. ते दोन पाहुणेसुद्धा. त्यांना पत्र पाठवा, मसुदा मी करतो.”

“काका,” शेठ समजावत म्हणाले, “पार्टीला मी आसा पत्र पाठवू? आमचा मुख्य कारकून रोज सकाली चुकून नागव्या बाया बोलवतो म्हनून? ह्या धंद्यात मी ऱ्हाईन काय?”

काका उभेच होते. त्यांना कुणी ओरडलं नाही, कुणी वाईट म्हटलं नाही. दुपारपर्यंत सगळ्या गोदामात कळलं आणि हमालसुद्धा प्रेमाने चेष्टा करायला लागले, “काका, आज कोन आली?” मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. संध्याकाळी ते म्हणाले, “मला कुणी शिवी का देत नाही रे? तिला दिली ना?” मी म्हटलं, तुमचं वय, तुमचा स्वभाव, लोक तुम्हाला ओळखतात. “तिलाही ओळखत होते की,” ते म्हणाले. मग आम्ही दोघंही थकून रिक्षाची वाट बघत उभे राहिलो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला अंजूरला नेलं. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणणं जमलं नाही. जागृतीचा बाप ओट्यावर बसला होता. पलीकडे पूर्वी त्यांचं शेत होतं, तिथे आता गोदामाची निळी भिंत उभी राहिली होती. काकांनी ओट्यावर न बसताच सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, बटणासकट.

बाप ऐकत होता. “म्हंजे तुमीच,” तो म्हणाला.

“मीच.”

“आन तुमी हाव म्हनून मी तिला पाठवली व्हती.” “आता सांगून काय करू मी? गावात सगल्यांना म्हायती झाला. तिच्या लग्नाला एक जागा बघत व्हतो, त्यांनी निरोप पाठवला, ऱ्हाऊ द्या म्हनून. तुमी शेठना सांगितला?”

“सांगितलं.”

जागृती दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. तिने एकच विचारलं, “काका, शेठ तुमाना काय बोलले?”

काकांनी खोटं बोलायला हवं होतं. त्यांना ते येत नव्हतं. “हसले,” ते म्हणाले.

तिने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोज संध्याकाळी सुटलेल्या शिफ्टच्या माणसांच्या चेहऱ्यावर बघतो. काका म्हणाले, “जागृती, तू दुसरीकडे अर्ज कर. आधीची नोकरी का सोडली असं विचारतीलच. विचारलं की सांग, बाहेर एक माणूस बसलाय, त्याला बोलवा. मी येऊन सांगेन.”

“तुमी येनार? दर येली?” बापाने विचारलं.

“दर वेळी.”

मला ते बोलण्यापुरतं वाटलं. पुढच्या आठवड्यात काकांनी राजीनामा दिला. शेठनी नको नको म्हटलं, त्यांच्याकडचं रजिस्टर मात्र मागून घेतलं. ते पुढे कुठे गेलं, मला माहीत नाही.

ते मला शेवटचे दिसले ते एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या उन्हात. माझी रिक्षा ट्रेलरांच्या मागे अडकली होती. रस्त्याच्या कडेला एका नव्या गोदामाचं गेट होतं. गेटच्या आत वॉचमनच्या केबिनजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काका बसले होते. तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर कागदांची पिशवी. बरेच वाळले होते. मी उतरून गेलो.

“काका, इथे?”

“जागृती आत आहे. मुलाखत.”

“किती वेळ झाला?”

“दीड तास.”

“बाकीच्या ठिकाणी बोलावलं का तुम्हाला आत?”

“नाही. ही चौथी. दोन ठिकाणी तिला काही विचारलंच नाही, कळवतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं. मी वॉचमनला म्हटलं, मला आत सोड, दोन मिनिटांचं काम आहे. साहेबांना वेळ नव्हता.”

“मग कशाला उन्हात बसता?”

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. “आणि आज विचारलं तर?”

मला सगळं माहीत होतं. रजिस्टर मी पाहिलं होतं, बटण दाबताना मी पाहिलं होतं, शेठ हसले तेव्हा दाराशी मीच होतो. त्याच धंद्यातला माणूस म्हणून मला तरी त्या साहेबांनी आत घेतलं असतं. हे मला तिथे उभं असतानाच सुचलं, नंतर नाही. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी काकांना येतो म्हणालो आणि जाऊन बसलो.

रिक्षा हलली तेव्हा मागे वळून पाहिलं. वॉचमन काकांना खुर्ची सावलीत सरकवून घ्या म्हणून सांगत होता, आणि काका मान हलवून नको म्हणत होते. सावलीतून आतलं दार दिसत नव्हतं.